समजा देशातली उमेदवारी

आमच्या अभ्यासिकेतल्या पोरांनी एकदा राष्ट्रपतिपदाचा उमेदवार निवडला होता. खऱ्या देशाचा नाही. आम्हीच मनानं रचलेल्या एका देशाचा, ज्याला आम्ही 'समजा' म्हणायचो. त्या निवडीत माझा रूमपार्टनर हरला आणि माझ्यामुळं हरला. एवढं ऐकूनच कुणी हसलं तर मला राग येणार नाही. सुरुवातीला मी पण हसलोच होतो.

अभ्यासिका औरंगपुऱ्यात, एका कापड दुकानाच्या वर. चाळीस खुर्च्या, दोन खुर्च्यांच्या मधी प्लायवूडची फळी, आणि फळीवर ज्यानं त्यानं चिकटवलेले कागद: कलमं, नद्या, घाट, अभ्यासक्रम. शहराचं नाव बदललं तेव्हा आम्ही तिथंच बसलेलो होतो. चालू घडामोडींच्या वहीत नवं नाव लिहून घेतलं आणि "औरंगाबादेत औंदा उकाडा लई" म्हणत खाली चहाला गेलो. बाहेर जे काय घडायचं ते आमच्या वहीत यायचं, अंगाला लागायचं नाही.

मी फुलंब्रीकडचा. घरी विहीर, बागायत, आणि आपलं पोरगं साहेब होणार म्हणून गावभर सांगून बसलेले वडील. चार वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या, एकदाही यादीत आलो नाही. पहिल्या निकालाला रडलो. दुसऱ्याला जेवलो नाही. तिसऱ्याला जेवलो. चौथा निकाल बघायचाच राहून गेला, दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि मग गाल आपला असून आपला राहत नाही, तसं माझं सगळ्या अंगाचं झालं होतं. कुणी चांगलं बोललं तरी तेच, वाईट बोललं तरी तेच.

पार्टनर मेंढपाळाच्या घरातला. त्याला सगळे पार्टनरच म्हणायचे, कारण तो ज्याला त्याला पार्टनर म्हणायचा. त्याचे वडील अजून मेंढरं घेऊन फिरत. दिवाळी झाली की सिल्लोडच्या अंगानं निघायचे ते पैठणच्या रानापर्यंत जायचे, आणि मृगाच्या तोंडावर माघारी. हा सातवीपर्यंत त्यांच्यासंगं चाललेला, मग आश्रमशाळेत गेला, कॉलेज केलं आणि तिथनं सरळ आमच्या खोलीत. पहिल्या वर्षी त्याच्याकडं एक काळी घोंगडी होती.

त्या घोंगडीचं आधीच सांगून टाकतो. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? आम्ही खोलीवर राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात मेसमधल्या दोन पोरांनी मेस चालवणाऱ्या मावशींकडं तक्रार केली, की ह्याच्या अंगाला मेंढरांचा वास येतो, ह्याला वेगळं बसवा. मावशी तव्याकडं वळल्या. मी पार्टनरच्या शेजारीच बसलेलो, वरणात भाकर कुस्करत होतो. कुस्करून झाली तरी कुस्करतच राहिलो. त्यानं ताट उचललं आणि भिंतीकडच्या टेबलावर जाऊन बसला. दोन दिवसांनी घोंगडी वडिलांकडं पाठवून दिली. पुढं पाच वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो, ह्यावर एकदाही बोललो नाही. मला वाटलं तो विसरला असंल.

'समजा' निघाला तो पाचव्या वर्षी. मुख्य परीक्षा झाली होती आणि निकाल लांबला होता. पुढची जाहिरात येत नव्हती. अभ्यास करावा तर कशाचा, आणि नाही करावा तर घरी काय सांगावं, अशा दिवसांत आम्ही चहाच्या गाड्यावर उभे होतो. घटना समितीनं संसदीय पद्धत का घेतली, अध्यक्षीय का नाही घेतली, हा नेहमीचा प्रश्न कुणीतरी कुणाला तरी विचारत होतं. पार्टनर म्हणाला, "समजा घेतली असती."

एवढंच म्हणाला. पण रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं झालं. आठ दिवसांत देश उभा राहिला. समजामधी राष्ट्रपती थेट जनता निवडायची, म्हणून पक्षाला आधी आपल्यातनं एक माणूस निवडावा लागायचा, प्रांताप्रांतांतनं फिरून. निजामाचं राज्य गेल्यावर तिथं मराठवाडा कुणाला जोडलाच नव्हता. तो स्वतंत्र प्रांत होता आणि त्याची राजधानी आमचं शहर. वाळूजचे कारखाने तिथं एक पिढी आधी आलेले. फुलंब्रीला रेल्वे होती. ह्या रेल्वेवरनं दोन दिवस भांडण झालं, कारण मी तिचं स्टेशन आमच्या विहिरीजवळ घेतलं होतं.

नियम अभ्यासिकेच्या काकांनी केले. काका वाळूजच्या एका कंपनीतनं निवृत्त झालेले, अभ्यासिकेची किल्ली त्यांच्याकडं. त्यांना आम्ही निवडणूक अधिकारी केलं आणि त्यांनी ते काम खरोखरीचं मानलं. पहिला नियम, खऱ्या कुठल्याही पुढाऱ्याचं नाव घ्यायचं नाही. दुसरा, पक्षाला नाव ठेवायचं नाही, नुसतं 'आपला पक्ष' म्हणायचं, नाहीतर हातघाईवर येताल म्हणाले. तिसरा, उभं राहायचं ते स्वतःच्याच नावानं, स्वतःच्याच घरादारासकट. आम्ही अकरा जण होतो. ज्यांना उमेदवारी पाहिजे त्यांनी उभं राहावं, बाकीच्यांनी चिठ्ठी उचलून एकेक प्रांत घ्यावा. दर रविवारी एका प्रांताचा कौल. माझ्या चिठ्ठीत विदर्भ निघाला. मी नागपूरसुद्धा बघितलेलं नाही.

चौघं उभे राहिले. त्यातले दोघं तिसऱ्या रविवारीच बसले आणि मतदारांत आले. उरले पार्टनर आणि गंगापूरची ताई. ताई आमच्यात सगळ्यात हुशार. वडील सोसायटीचे चेअरमन, त्यामुळं बोलायला लागली की समोर माईक आहे असं वाटायचं. तिचा मुद्दा पाणी. समजामधी गोदावरीवर कुठं कुठं बंधारे झाले असते हे ती तालुक्यासकट सांगायची. पार्टनर म्हणायचा, "उंटावरनं शेळ्या हाकती ती." पण ऐकायचा कान देऊन.

पार्टनर भाषणच करायचा नाही. तो एकेकाजवळ जाऊन बसायचा आणि विचारायचा, "तुझ्या प्रांतात काय दुखतंय?" आता माझ्या विदर्भात काय दुखणार, मला काय माहीत. पण तो इतका मन लावून विचारायचा, की मी उठून पुस्तकात बघून यायचो. त्याचा मुद्दा एकच होता, वाट. समजामधी रस्त्यांचा कायदा झाला तेव्हा मेंढरांच्या जुन्या वाटा त्यात धरल्या होत्या. त्यानं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला नकाशा काढला. डांबरी रस्ते निळे, रेल्वे काळी आणि मेंढरांची वाट लाल. ती लाल रेघ बाकी नकाशासारखी मनची नव्हती. कुठल्या नाल्याला वळायचं, कुठं पाण्याची बारव आहे, कुठल्या गावचे लोक बसू देतात आणि कुठले कुत्री सोडतात, हे त्याच्या पायांना माहीत होतं. खऱ्या देशात त्या वाटेवर आता तारेची कुंपणं आणि प्लॉटिंगच्या पाट्या आहेत. समजामधी ती फुलंब्रीच्या माझ्या रेल्वेखालून सुद्धा गेली, त्यानं तिथं मोरी टाकून घेतली. मी परवानगी दिली.

नऊ रविवार गेले. शेवटी दोघांना सारखे प्रांत पडले आणि एक कोराच राहिला. काकांनी जाहीर केलं की आता अधिवेशन. पुढच्या रविवारी सकाळी अकराला, गच्चीवर.

त्या बुधवारी मेसच्या रांगेत पार्टनर माझ्या मागं उभा होता. ताट पुसत, दुसरीकडं बघत म्हणाला, "मी ठरवलंय. पोरांनी उमेदवारी दिली तर अजून एक वर्ष इथं. नाय दिली तर रविवारीच सामान बांधतो."

"खेळावर?" मी म्हणालो.

"मग कशावर? आयोगावर?"

परीक्षेच्या वयात तो अजून बसत होता, एक वर्ष तरी नक्की होतं. त्यानं हे अजून कुणाला सांगितलंय का विचारलं, तर म्हणाला नाही, तुलाच. मी म्हणालो, "येडा झाला काय?" तो म्हणाला, "आमच्याकडं तळ हलवायचा का नाय ह्यावर कुणी वाद घालत नाय. सकाळी शेळी सोडायची. ती ज्या अंगाला चालाया लागली, तिकडं निघायचं." त्यावर मावशींनी भाकरी वाढली आणि आम्ही जेवायला बसलो.

शुक्रवारी मला चितेगावला जायचं होतं, दाजी तिथं कारखान्यात आहेत. पार्टनरनं माझ्याकडं गुडघ्याचा एक पट्टा दिला. त्याच्या वडिलांचा मुक्काम तिथंच जवळ, पैठण रोडपासून आत एका कापलेल्या रानात होता. शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेतात. मी गाडी बांधावर लावली. म्हातारा चारपाईवर पाय लांब करून बसला होता. मला बघून पाय आखडायला गेला आणि जमलं नाही.

"बसा, पाटील," म्हणाला. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. "मामा, पाटील कशाला म्हणता," म्हणालो, तर नुसता हसला. शेळीच्या दुधाचा चहा दिला. पट्टा हातात घेऊन उलटा-सुलटा बघितला आणि उशाला ठेवून दिला. मग म्हणाला, "गुडघं गेलं आता. औंदा म्या पुढं चालू शकत नाय. मेंढरू लई भोळं असतं, त्याच्यापुढं शेळी लागती, अन् शेळीपुढं माणूस. पर पोराला साहेब व्हायचं असंल तर म्या आडवा येत नाय. म्या असं म्हणलो हे बी त्याला सांगू नका."

"नाही सांगत, मामा," मी म्हणालो.

आणि खोलीवर येऊन खरंच काही सांगितलं नाही. पट्टा दिला म्हणालो. बरेत का, त्यानं विचारलं. बरेत, म्हणालो.

शनिवारी संध्याकाळी त्यानं काकांकडं जाऊन मागणी केली, की चिठ्ठ्या नकोत. उघड उभं राहायचं. एका अंगाला ताई, एका अंगाला हा, ज्याला जिकडं यायचं त्यानं चालत यावं. काकांना ते पटलं, ताईलाही पटलं. मग खोलीवर आल्यावर मला म्हणाला, "उद्या तू आधी ऊठ. बाकीचे निम्मे तुझ्याकडं बघून उठत्यात. शेळी पुढं घालावी लागती, पार्टनर."

"व्हय," मी म्हणालो.

गच्चीवर पाण्याच्या टाकीची तेवढी सावली होती. दोरीवर काकांचे दोन बनियन वाळत होते. ते त्यांनी अधिवेशनासाठी काढून घेतले, बादलीत टाकले. ताई जिन्याकडच्या भिंतीशी उभी राहिली, पार्टनर टाकीकडच्या. मधी आम्ही नऊ जण सतरंजीवर. काकांनी कागदावरनं नियम वाचला आणि म्हणाले, "उठा."

कुणी उठेना. सगळे माझ्याकडं बघत होते, हे मला न बघता कळत होतं. मी उठलो, चप्पल पायात घातली आणि जिन्याकडं चालत गेलो. ताईसुद्धा दचकली. तिला वाटलं मी खाली निघालो. मी तिच्या शेजारी भिंतीला टेकून उभा राहिलो. मग एकामागं एक सात जण आले. त्यांना वाटलं असंल, ह्याचा खोलीवरचा माणूसच इकडं आला म्हणजे काहीतरी असंलच. टाकीकडं फक्त एकजण गेला.

मला तेव्हा काय वाटलं? खरं सांगतो, काही नाही. ऊन लागत होतं एवढं आठवतं. पार्टनर हसला, चालत आला, ताईला म्हणाला, "अभिनंदन, राष्ट्रपतीबाई. आमच्या वाटेचं तेवढं बघा." ती म्हणाली बघते. काकांनी सगळ्यांना भजी खाऊ घातली.

म्हाताऱ्याचे गुडघे बघून आलो होतो म्हणून तसं केलं, असं मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. पोरगं बापाकडं जावं, ह्यात वाईट काय? ते खोटं नाही. पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं असं, की मला भीती वाटत होती. एक वर्ष अजून राहिला तर हा पास होईल आणि मी होणार नाही, आणि मग मी त्या खोलीत एकटा बसंन, ही भीती. त्या सगळ्या बधिरपणात तेवढीच एक गोष्ट जिवंत होती, आणि ती असली घाण होती. माझी मला लाज वाटते, आजही वाटते.

त्यानं दुपारीच सामान बांधलं. एक पेटी, एक पिशवी. चारच्या गाडीनं निघाला. माझ्या गादीवर त्याच्या सगळ्या वह्या ठेवल्या आणि वर तो नकाशा. मला वाटलं काहीतरी बोलेल. दारात उभा राहून म्हणाला, "पंखा तीनवर ठेव. पाचवर लई आवाज करतो." मी खाली सोडायला गेलो नाही, जिन्यात त्याच्या पेटीचा आवाज थांबेपर्यंत ऐकत बसलो.

आठवडाभरानं निकाल लागला. आमच्या दोघांचीही नावं नव्हती. मी लहान परीक्षा द्यायचं ठरवलं आणि पुढच्या वर्षी पास झालो, बरं का, त्याच्याच वह्यांवर. तो समासात लाल पेनानं लिहायचा, "इथं फसवतात." जिथं जिथं त्यानं ते लिहिलं होतं, तिथं तिथं मी फसलो नाही.

आता मी तालुक्याच्या कचेरीत आवक टेबलावर बसतो. खिडकीतनं अर्ज आला की शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, अर्जदाराचं नाव आणि विषय रजिस्टरला घ्यायचा, पोच द्यायची. लोक साहेब म्हणतात. वडील गावात मान वर करून फिरतात. लग्न झालं, मुलगी आहे. नकाशा कपाटात, तिच्या जन्माच्या दाखल्याच्या खाली आहे. चार वर्षं माझ्या डोक्यात एक वेगळाच समजा चालू होता: समजा मी टाकीकडं गेलो असतो. मग तो राहतो, पास होतो, ह्या खुर्चीवर तो बसतो, नाहीतर ह्याच्याहून मोठ्या. अर्जांवर शिक्के मारता मारता मी तो देश चालवायचो. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय. त्याला फोन मात्र एकदाही केला नाही.

मागच्या महिन्यात तो खिडकीत आला.

जेवणाच्या सुट्टीला पाचच मिनिटं राहिली होती. रांगेत त्याचा पहिला नंबर होता. डोक्याला पटका, अंगात साधा शर्ट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला अर्ज. मी वर बघितलं आणि त्यानं मला ओळखलं ते मला कळलं, कारण तो आधी खुर्चीकडं आणि मग माझ्याकडं बघून हसला. "जेवून घे," म्हणाला, "मग घे माझं." त्यानं पिशवी खिडकीखाली नंबराला ठेवली आणि आम्ही बाहेर लिंबाखाली बसलो. त्याच्याकडं भाकरी आणि ठेचा होता. माझा डबा मी उघडला नाही, त्याचंच खाल्लं.

दादा, म्हणजे वडील, दोन वर्षांपूर्वी गेले म्हणाला. शेवटपर्यंत पट्टा बांधला नाही, उशाला तेवढा ठेवायचे. आता मेंढरांपुढं हाच चालतो, पाच घरांची मेंढरं. ह्या अंगाला एका जुन्या वाटेवर कुणीतरी तार ओढलीय, त्याचा अर्ज होता. पाच घरांनी मिळून ह्याला पुढं केलं होतं, तू शिकलेला आहेस, तू जा म्हणून. अर्ज त्यानं स्वतः लिहिलेला, आणि सोबत नकाशा जोडलेला, छोटा, लाल रेघेचा.

मी म्हणालो, "पार्टनर, त्या दिवशी गच्चीवर..."

"त्याचं काय?"

"तुला माहीत होतं ना मी काय केलं. मी मुद्दाम केलं."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "मला जायचंच होतं रे," म्हणाला. "दादांचं गुडघं मला काय दिसत नव्हतं? पर आपल्या पायानं उठून जाता येत नव्हतं. पाच वर्षं घातली, कुठल्या तोंडानं जावं? म्हणून म्हणलं पोरांना हरवू द्यावं. हरायची खात्री पाहिजे होती, म्हणून तुला पुढं घातलं."

मला काही कळेना. "तुला कसं माहीत की मी तिकडं जाईन?"

"पाच वर्षं एका खोलीत ऱ्हायलो आपण." तो रागानं नाही बोलला. एखादा माणूस कुठल्या गावचा आहे हे सांगावं तसं बोलला. "तू माझ्या अंगानं कधी उठलाच नाय, पार्टनर. मेसमधी बी नाय उठला. मग तिथं कशाला उठशील?"

चार वर्षं जे बधिर होतं तिथं पहिल्यांदा दुखलं. मला वाटत होतं मी त्याचं वाटोळं केलं, निदान काहीतरी केलं. मी काहीच केलेलं नव्हतं. मी कसा आहे ते त्यानं पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं, आणि गरज पडली तेव्हा वापरलं. मला त्याला सॉरी म्हणायचं होतं, आणि थोडा त्याचा राग पण आला होता. दोन्ही तोंडाशी आलं. तेवढ्यात सुट्टी संपली.

मी आत येऊन बसलो. खिडकीशी रांग लागली होती, वीस-बावीस माणसं. पार्टनर पुढं आला आणि पिशवी उचलून खिडकीशी उभा राहिला. मागनं एकजण म्हणाला, "ओ, मधी कुठं घुसताय?" पांढरे कपडे, गळ्यात चेन, कचेरीत रोजचं येणंजाणं असलेला माणूस.

"माझा नंबर व्हता. पिशवी ठेवलेली," पार्टनर म्हणाला.

"पिशवीला नंबर असतो व्हय? अन् तुम्हा मेंढक्यांना कसली घाई? मेंढरंच राखायचीत ना? जा मागं. वास मारतोय इथं."

दोघं-तिघं हसले. पार्टनरनं त्याच्याकडं बघितलं नाही. त्यानं खिडकीतनं माझ्याकडं बघितलं.

पहिला नंबर त्याचा होता, हे मला माहीत होतं. मीच बघितलं होतं. चार शब्दांचं काम होतं, साहेब होतो मी तिथला. मी रजिस्टर उघडलं, तारीख टाकली, तारखेखाली रेघ मारली. मग त्या रेघेवरनं परत एकदा पट्टी फिरवली. मान वर केली तेव्हा खिडकीत पांढरे कपडे होते.

त्याचं काम घेतलं. त्याच्या मागच्याचं घेतलं. पाऊण तास रांग सरकत राहिली. मी एकेकाला विचारत होतो, लिहीत होतो, शिक्का मारत होतो. शेवटी खिडकीत एक प्लास्टिकची पिशवी आली आणि तिच्यातनं अर्ज बाहेर निघाला. विषय: मेंढरांच्या जुन्या वाटेवरील कुंपणाबाबत. खाली पाच घरांच्या सह्या आणि अंगठे. मी शिक्का मारला, नंबर टाकला, पेन रजिस्टरवर नेलं आणि मान खाली ठेवूनच, सगळ्यांना विचारतो तसं, विचारलं, "नाव?"

त्यानं सांगितलं. आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं, एकेक सावकाश, मला नीट लिहून घेता यावं म्हणून.